सहा रेघांचा बोल्ट

बोल्टच्या डोक्यावर रेघा असतात.

एकही रेघ नसली तर बोल्ट मऊ. तीन असल्या तर कामापुरता. सहा असल्या, तर तो ट्रकखाली लावा, पुलाला लावा, शाळेच्या बसच्या मागच्या चाकापाशी लावा आणि घरी जाऊन निवांत झोपा. इर्मा केटोलाची सगळी नोकरी बसगॅरेजात गेली. बसच्या पोटाखाली पाठीवर पडून तिने जे जे लावलं ते सहा रेघांचं लावलं. वर गावची पोरं बसणार. तिथे मोडणारी वस्तू चालत नाही.

म्हणून भावाने बोल्ट मागितला तेव्हा तिने त्यालाही सहा रेघांचाच दिला.

एवढंच झालं. पुढचं सगळं त्या एका बोल्टमुळे.

*

ऑक्टोबर. झाडं नुकती उघडी पडलेली. रेनो आपल्या ट्रॅक्टरच्या बर्फ काढायच्या ब्लोअरचं दातेरी चाक पिकअपमध्ये टाकून तिच्या शेडवर आला. रेनो तिच्याहून बराच मोठा. बायको गेल्यापासून सुपीरियर तलावाच्या काठी, रस्ता संपतो तिथल्या घरात एकटा राहायचा. लाकूड कापायच्या गिरणीत दोन्ही कान घालवून बसला होता, त्यामुळे साधं बोलला तरी भांडतोय असं वाटायचं.

"इर्मे, हा बोल्ट बघ! सारखा मोडतोय!"

"ओरडू नकोस. समोर उभी आहे मी."

"काय?"

"काही नाही!"

"गेल्या हिवाळ्यात मूठभर बोल्ट खिशात घेऊन हिंडायचो. पोरांना गोळ्या वाटायला निघाल्यासारखा. जुना मिळतच नाही. कंपनी बंद पडली म्हणे. दुकानदार म्हणतो, हा घे. हा लावला की अंगणाच्या कोपऱ्यापर्यंत जात नाही, तट्!"

इर्माने दुकानचा बोल्ट बोटांत फिरवला. पार डोक्यापर्यंत आटे पाडलेले. असला बोल्ट मोडणारच. आट्याच्या खाचेतच जातो.

"मशीन बदल की. त्या ट्रॅक्टरला पेन्शन द्यायचे दिवस आले."

"त्याआधी तुला देऊ. तो चालतोय. मला न मोडणारा बोल्ट दे."

तिने चाक हातात घेऊन पाहिलं. मधल्या भोकात दांडा जाणार, चाकातून आणि दांड्यातून आरपार बोल्ट जाणार. चाक दांड्याला धरून ठेवायचं काम. बसखाली असे शेकडो बोल्ट तिने आवळले होते. तिने आपला डबा उघडला, एक उचलला, चिंधीने पुसला, सहा रेघा वर आल्या. लांबी बरोबर बसली. कधी सुटू नये म्हणून वर पकडीचा नट दिला.

"जा. हा तुझ्याआधी मोडायचा नाही."

रेनो खो खो हसला आणि धुरावलेला मासा कागदात गुंडाळून तिच्या टेबलावर ठेवून गेला. बहिणीकडून काही घेतलं तर रिकाम्या हाताने जायचं नाही, ही त्यांच्या आईची शिस्त.

*

आता रेनोचा हात.

तलावावरून बर्फ यायला लागला की आठवडाभर उसंत देत नाही. घराच्या दारापासून सौनाच्या, म्हणजे वाफेच्या अंघोळीच्या, खोपटापर्यंतची वाट रोज काढावी लागते, नाहीतर ती वसंतातच सापडते. उन्हाळ्यात गवत कापणाऱ्या त्या छोट्या, म्हाताऱ्या ट्रॅक्टरला हिवाळ्यात पुढे ब्लोअर लागतो. म्हणजे पुढून उघडी लोखंडी पेटी. तिच्यात आडवी, पिळाची पाती. पाती बर्फ खातात आणि वरच्या नळकांड्यातून लांब थुंकतात.

बर्फाखाली काय काय असतं. पायपुसणं असतं. कुत्र्याची साखळी असते, कुत्रा मेला तरी. सगळ्यात जास्त म्हणजे सरपणाच्या ढिगातून घरंगळलेले बर्च झाडाचे ओंडके असतात. ओंडका पात्यात अडकतो. अडकला की बोल्ट मोडतो. रेनोला आवाज ऐकू येत नाही, पण सीटवर बसल्या बसल्या बुडाला कळतं. पाती मरतात. इंजिन चालूच राहतं, कारण हे इंजिन तापल्यावर बंद केलं की थंड होईपर्यंत परत सुरू होत नाही, म्हणून ते कधीच बंद करायचं नाही. उतरायचं. वाकायचं. हात घालायचा. ओंडका ओढायचा. खिशातून नवा बोल्ट लावायचा. परत वर बसायचं.

असा तो हात जन्मभर आत गेला आणि जन्मभर परत आला. कारण बोल्ट मोडलेला असायचा. इंजिन आणि पाती यांच्यामध्ये तेव्हा काहीच उरलेलं नसायचं.

आणि बोल्ट मोडलाच नाही तर?

तरी पाती थांबलेलीच दिसतात. ओंडक्याने अडवलेली. वरून अगदी तशीच. इंजिन तसंच चालू. आतमध्ये इंजिनाचा पट्टा नुसता घसरत राहतो. वाट बघत राहतो.

ओंडका निघण्याची.

*

नोव्हेंबर, शनिवार, दुपार. आकाश इतकं खाली आलेलं की हँकॉक गावच्या रस्त्यावरचे विजेचे खांब त्यात अर्धे बुडालेले. इर्मा मिर्कोच्या भंगाराच्या आवारात होती. रेनोच्या ब्लोअरची उचल-दांड्यातली पिन झिजली होती, ब्लोअर एका बाजूला लोंबत होता. पिन तिने शोधते म्हटलं होतं.

मिर्कोच्या आवारात मेलेले ट्रॅक्टर रांगेने उभे असतात. कुणाचं चाक नाही, कुणाचं तोंड नाही. मिर्को स्वतः काही काढून देत नाही. आपले पाने आपण आणायचे, आपल्याला हवं ते आपण काढायचं, जाताना त्याला दाखवायचं. तो दारात खुर्ची टाकून बसतो आणि शेरे मारतो.

"बाई, जरा जपून. तो ट्रॅक्टर तुझ्यापेक्षा तरुण आहे."

"म्हणूनच तुझ्याकडे मेला. म्हातारे टिकतात."

"पास्टी खाणार? मांसाची करंजी, पुतणीने केलीय. गाजर घालून करते, देव तिला क्षमा करो."

"गाजर नाही रे, सलगम असतं ते."

"खाल्ल्यावर काही फरक कळत नाही."

मागच्या रांगेत तिला सापडला. रेनोच्या ट्रॅक्टरच्याच जातीचा, त्याच रंगाचा, ब्लोअरसकट. कोणीतरी गाडीवर घालून आणून टाकलेला. बर्फ पडायला सुरुवात झाली होती, अजून बारीक. ती गुडघ्यावर बसली, पिन ठोकून काढली. पिन चांगली निघाली. उठता उठता चेनवरचं झाकण तिच्या खांद्याला लागून बाजूला सरकलं, आणि आतलं दातेरी चाक दिसलं.

चाकातला बोल्ट मोडलेला होता.

सुरीने लोणी कापावं तसा. दांडा जिथे चाकातून बाहेर येतो, नेमका तिथे. तिने अंगठ्याने डोकं पुसलं. रेघ नव्हती. एकही नव्हती. चाकाचे दाते सगळे शाबूत. चेन शाबूत. पुढच्या पात्यात गंजलेल्या तारेचं भेंडोळं घट्ट आवळून बसलेलं, पण पाती सरळ, पेटी सरळ. सगळं वाचलं होतं. फक्त बोल्ट गेला होता.

ती तिथेच बसून राहिली. बर्फ तिच्या टोपीवर साचू लागला.

"काय गं? भूत दिसलं?"

"मिर्को, हा मोडायलाच ठेवलेला आहे."

"मग काय शोभेला? तो मोडतो म्हणून बाकीचं—" मिर्को थांबला. तिचं तोंड पाहून खुर्चीतून उठला. "काय झालं?"

"मी रेनोला सहा रेघांचा लावून दिलाय."

मिर्कोने आकाशाकडे पाहिलं. मग म्हणाला, "आज शनिवार आहे."

शनिवार म्हणजे सौना. रेनोने आयुष्यात एक शनिवार सोडला नव्हता. बायकोला पुरून आला त्या शनिवारीही त्याने चूल पेटवली होती. शनिवारी दुपारी तो वाट काढणार, मग सरपण आत नेणार, मग चूल. संध्याकाळी इर्मा टॉवेल आणि वेलचीचा पाव घेऊन येणार.

वाट तिच्यासाठीच निघत होती.

*

फोन.

तिने मिर्कोच्या फोनवरून रेनोचा नंबर फिरवला. रेनोच्या स्वयंपाकघरात फोन वाजला की भिंतीवरचा दिवा लुकलुकतो. ऐकू येत नाही म्हणून तिनेच बसवून दिला होता. वाजतोय. दिवा लुकलुकतोय, समोर कोणी नाही. वाजतोय.

शेजारी कोणी? शेजारची सगळी घरं डेट्रॉइटवाल्यांची, उन्हाळ्यापुरती. सप्टेंबरात फळ्या ठोकून गेले.

शेरिफला? काय सांगायचं? माझ्या भावाकडे फार चांगला बोल्ट आहे, लवकर या?

वाजतोय.

"तू जा," मिर्को म्हणाला. "मी धरतो. उचलेपर्यंत वाजवत बसतो, मला काय काम आहे."

"नुसती जाऊन काय करू? सांगितलं तर ऐकेल? सौना झाल्याशिवाय तो थांबणार नाही. दुसरा बोल्ट पाहिजे. मऊ. अर्ध्यापर्यंत गुळगुळीत, दुकानचा नाही."

मिर्कोने रिसीव्हर खांद्यात धरला आणि हनुवटीने मागची फळी दाखवली.

फळीवर कॉफीचे डबे. एका माणसाच्या शेडमध्ये असतात त्याच्या दसपट. मेलेल्या माणसांच्या शेडमधून लिलावात आलेले, डब्यासकट, आत काय आहे ते कोणी न बघता. तिने पहिला डबा बाकावर पालथा केला.

तीन रेघा. तीन. गंज, पुसला, तीन. आखूड. सहा. सहा. खिळा. कुणाचा तरी सोन्याचा दात. तीन. रेघ नाही! आखूड.

दुसरा डबा. जाड. जाड. स्क्रू. तीन. गंज, पुसला, काही दिसेना, थुंकी लावून पुसला, तीन.

"उचलत नाही," मिर्को म्हणाला.

तिसरा. सहा सहा सहा; असल्या डब्याकडे एरवी तिने हावरेपणाने पाहिलं असतं. तिने तो ढकलून दिला. बोल्ट जमिनीवर पसरले. चौथा. चौथ्यात नुसते वॉशर. पाचव्याच्या तळाशी, तेलकट कागदात गुंडाळलेले दोन. जाडी बरोबर. लांबी बरोबर. डोक्याखाली अर्ध्यापर्यंत गुळगुळीत.

तिने डोकी पुसली. रेघ नव्हती.

पण रेघ नाही म्हणजे मऊच, असं कुठे आहे? काही कारखाने रेघ पाडतच नाहीत. बसगॅरेजात असल्या बिनरेघेच्या बोल्टवर तिने कधी विश्वास ठेवला नव्हता. तो मऊ निघेल या भीतीने. आता भीती उलटी झाली होती.

कळायला एकच मार्ग. दोनातला एक तिने मिर्कोच्या बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला आणि हातोडा उचलला. पहिल्या घावाला बोल्ट वाकला. दुसऱ्याला डोकं उडालं आणि पत्र्यावर जाऊन आदळलं.

मऊ. तुटला तो मऊ. उरला तो, त्याच कागदातला, त्याच हाताने गुंडाळलेला, तोही बहुतेक मऊ. जो तुटला तोच खात्रीचा, आणि तो आता उपयोगाचा नव्हता.

तिने उरलेला खिशात घातला. पिन बाकावरच राहिली.

*

रस्त्याची गोष्ट तीनदा सांगायला हवी, कारण तिने तो मनात तीनदा पार केला.

एकदा असा: रेनो अजून स्वयंपाकघरात आहे. कॉफीत पाव बुडवतोय. दिवा लुकलुकतो, तो म्हणतो, कोण तडफडतंय एवढं, आणि उठतो.

नाही. उठला असता तर मिर्कोचा फोन लागला असता. लागला की नाही, तिला गाडीत कसं कळणार? नाही.

एकदा असा: तो वाट काढतोय आणि काही अडकत नाही. बर्फ अजून हलका आहे. ओंडके उघडे दिसतात, तो वळून जातो. माणूस आंधळा नाही, बहिराच आहे.

पण पुलापाशी पोचली तेव्हा वायपरला बर्फ आवरेना. समोरची गाडी नुसते दोन तांबडे ठिपके. तलावाच्या बाजूने बर्फ आडवा येत होता, आणि रेनोच्या घराकडे तर तो पहिल्यांदा पोचतो.

तिसऱ्यांदा काय झालं ते तिने पाहिलं नाही. डोळे रस्त्यावर ठेवले. पण हात दिसत राहिला. रेनोचा उजवा, अंगठ्याचं नख लहानपणीच चेपलेला, ज्याने तिला सायकलचं सीट धरून गावाच्या उतारावर सोडलं होतं. तो हात खाली जात होता. ती प्रत्येक वळणावर त्याला थांबवत होती आणि प्रत्येक वळणानंतर तो थोडा आणखी खाली जात होता.

"सहा रेघा," ती गाडीत मोठ्याने म्हणाली. "मूर्ख बाई. सहा रेघा."

*

अंगणात पोचली तेव्हा इंजिन चालू होतं.

बाकी काही नाही. सौनाच्या वाटेवर मध्यावर ट्रॅक्टर उभा, सीट रिकामी, सीटवर बर्फाचा पातळ थर. म्हणजे उतरून वेळ झाला होता. घराच्या खिडकीत दिवा लागत होता, विझत होता, लागत होता. मिर्को अजून धरून बसला होता.

पाती फिरत होती. रिकामी, मजेत.

नळकांडं सरपणाच्या ढिगाकडे तोंड करून होतं, आणि त्याने जे फेकलं होतं ते पांढऱ्यावर लांबपर्यंत कमानीत पडलेलं. लाकडाच्या चिपा. बर्चची साल. तपकिरी कातड्याच्या पट्ट्या. आणि तांबडं. ठिकठिकाणी, थोडं थोडं तांबडं.

इर्मा धावली नाही. तिने चावी फिरवली, इंजिन बंद केलं. मग ती पहिल्या तांबड्याजवळ गेली, वाकली, आणि त्याला बोट लावलं.

लोकर.

दुसरं. लोकर. तिसरं. रेनोच्या बायकोने विणलेल्या, कातडी हातमोज्याच्या आत घालायच्या तांबड्या मोज्याची लोकर. तिने मुठीत घेऊन पिळली. पाणी निघालं, नुसतं पाणी.

"बंद केलंस?" मागून आवाज आला. "आता ते संध्याकाळपर्यंत सुरू व्हायचं नाही."

रेनो सौनाच्या दारात, कपडे काढायच्या बाकावर बसला होता. उजवा हात उघडा, मांडीवर उताणा ठेवलेला, दुसऱ्या कुणी सांभाळायला दिल्यासारखा. पाची बोटं होती. मनगटावर एक ओरखडा, बस्स. कातडी मोजा ढगळ होता म्हणून पात्याने मोजा नेला आणि हात सोडला. एवढ्यावर सगळं निभावलं होतं. तिचा रस्ता, डबे, हातोडा, यातलं काहीही त्यात नव्हतं. ती गावातून निघायच्या आतच ते होऊन गेलं होतं.

ती त्याच्या शेजारी बसली.

"मोडला नाही," रेनो म्हणाला. त्याचा इतका खालचा आवाज तिने कित्येक वर्षांत ऐकला नव्हता.

"माहिती आहे."

"काय?"

"माहिती आहे मला!"

"थांबलं. मला वाटलं मोडला. बुडाला काही कळलं नव्हतं. म्हटलं कान गेले, आता बूडही बहिरं झालं."

एरवी दोघं हसली असती.

"काय लावलंस तू त्यात?"

"सगळ्यात चांगला लावला."

रेनो हाताकडे बघत राहिला. "कुणासाठी चांगला?"

ती उठली, घरात गेली, रिसीव्हर उचलला.

"हात आहे?" मिर्कोने विचारलं.

"आहे."

"दोन्ही?"

"दोन्ही."

"मग रडतेस कशाला? ठेव फोन, माझी मान अवघडली."

*

बोल्ट बदलायला वेळ लागला. पकडीचा नट तिनेच आवळलेला, सुटता सुटेना. पाना निसटून तिची नखं सोलली. रेनो दारात उभा राहून बघत होता. त्याने टॉर्च आणला नाही. पाना धरला नाही. एरवी तो तिच्या कामात नाक खुपसल्याशिवाय राहत नसे: असं नाही इर्मे, तसं, बायकांना गॅरेजात कोणी घेतलं.

सहा रेघांचा बोल्ट निघाला तेव्हा त्याच्यावर साधा चरासुद्धा नव्हता. तिने तो तलावाच्या दिशेने फेकला, पण बर्फात कुठेतरी जवळच पडला.

बिनरेघेचा आत गेला. साधा नट. बोटाने आणि मग हलक्या पान्याने.

"हा मऊ आहे," तिने सांगितलं. "याचा जोडीदार मी मोडून बघितलाय."

"हा बघितलास?"

"हा मोडला तर लावू काय?"

रेनोने मान हलवली. पटलं म्हणून नाही. ऐकलं एवढंच.

अंधारायला लागलं तेव्हा त्याने चावी फिरवली. इंजिन दोनदा खोकून लागलं. तो लगेच वर बसला नाही. सरपणाच्या ढिगापाशी गेला, ओंडके उलटेपालटे केले, एक निवडला. मांडीएवढा, बर्चचा. तो आणून ब्लोअरच्या तोंडापुढे बर्फावर ठेवला. मग वर चढला आणि पाती जोडायचा दांडा ओढला.

"रेनो! एकच आहे तो! मोडला तर वाट अर्धीच राहील!"

त्याने ऐकलं नाही, किंवा ऐकलं. ट्रॅक्टर पुढे आला. पात्याने ओंडका धरला, वर उचलला, पेटीच्या कडेला दाबला. लोखंड कण्हलं. ट्रॅक्टर सगळा थरथरला.

आणि पाती थांबली.

इंजिन चालू. तिला तट् ऐकू आलं नाही. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू आलं असतं? कळायचं ते सीटवर. तिने रेनोच्या तोंडाकडे पाहिलं. तोंडावर काहीच नव्हतं.

"मोडला का?"

तो खाली उतरला. ब्लोअरपासून दोन हात लांब उभा राहिला. उघडा उजवा हात काखेत घातला.

"मोडला का, रेनो?"

"तू लावलायस," तो म्हणाला. "तू घाल हात."

चावी जवळच होती. हात लांबवला असता तर इंजिन बंद झालं असतं. रेनोने अडवलं नसतं. तो नुसता बघत राहिला असता, आणि पुढच्या प्रत्येक शनिवारी बघत राहिला असता.

इर्मा पात्यासमोर गुडघ्यावर बसली. पेटीतून ऊन तेलाचा आणि ताज्या लाकडाचा वास येत होता. तिने उजव्या हातातला मोजा काढला. मोजा घालून हात घातला असता तर ती लबाडी झाली असती. ढगळ मोज्यातून एकदा सुटका झाली होती. आज ती परत मागायची नव्हती. मोजा तिने बर्फावर ठेवला.

हात आत गेला.

पात्याची कड मनगटाला लागली. इतकी थंड की भाजल्यासारखी. बोटांना ओंडका सापडला, सालीवरचा बर्फ वितळून निसरडा झालेला. तिने ओढला. हलला नाही. तिने वर पाहिलं नाही. दुसऱ्या हातातलाही मोजा दाताने काढला, दोन्ही हात आत घातले, आणि खांद्याचा जोर लावून ओढला.

ओंडका सुटला.

ती पाठीवर पडली, ओंडका छातीवर घेऊन. पाती तिच्यासमोर होती. हलली नव्हती. बोल्ट मोडला होता.

बर्फ तोंडावर पडत होता, पापण्यांवर साचत होता. बाजूने पावलं आली आणि पुढे गेली. मग फावड्याचा आवाज. खरवडणं, उचलणं, फेकणं. रेनो उरलेली वाट हाताने काढत होता, सौनाच्या दाराकडे तोंड करून, एक हात उघडा.

मागे इंजिन चालूच होतं. दोघांपैकी कुणीही ते बंद करायला गेलं नाही.